तिलारी ते शापोरा : उदाचा काठ

ऊद हा काठावर जगणारा सस्तन प्राणी आहे. शिकार तो पाण्यात करतो; झोपणे, विणे, अंग सुकवणे, भांडणे हे सगळे जमिनीवर. पाणी संपते आणि माती सुरू होते तिथली काही पावलांची पट्टी हे त्याचे खरे घर. मराठीत त्याला पाणमांजर म्हणतात, पण मांजराशी त्याचे नाते नाही. त्याचे कूळ मुस्टेलिडी, म्हणजे वीझल, मार्टेन आणि बॅजर यांचे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेवर तो ‘हूद’ होतो. संस्कृतात तो उद्र. आपले उदक, ग्रीकांचा हायड्रा आणि इंग्रजांचा ऑटर हे सगळे शब्द पाण्याच्या एकाच जुन्या धातूचे भाऊबंद आहेत. धुपाबरोबर जळणारा ऊद वेगळा, आणि झाडावर चढून फळे खाणारे उदमांजरही वेगळे. ऊद आणि उदमांजर यांची गल्लत बातम्यांत इतक्या वेळा होते, की ‘उदमांजर सापडले’ असे वाचल्यावर आधी छायाचित्र पाहिलेले बरे.

जगात उदाच्या साधारण 13 जाती मानल्या जातात. त्यांतल्या तीन भारतात आहेत. युरेशियाई ऊद हिमालयात, ईशान्येत आणि दक्षिणेत तुरळक आढळतो. मध्य भारतातून तो नाहीसा झाला असेच धरले जात होते, पण मध्य प्रदेशातल्या सातपुड्याच्या आणि कान्हा-पेंचच्या जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांत तो सापडला आणि ती नोंद 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरा गुळगुळीत केसांचा ऊद, शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. हा 7 ते 11 किलोंचा, चपट्या शेपटीचा, आणि देशातल्या मोठ्या नद्यांवर, तलावांवर, खाड्यांवर सर्वांत जास्त दिसणारा. तिसरा आखूड नख्यांचा ऊद, एओनिक्स सिनेरेउस. जगातल्या सगळ्या उदांत हा लहान; वजन जेमतेम 3 किलो, शेपटीसकट लांबी मीटरभराच्या आत. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि पश्चिम घाट हे त्याचे भारतातले मुलूख. कोडगू, निलगिरी, अनैमलै इथे तो टिकून आहे, आणि उत्तरेकडे सरकावे तसा विरळ होत जातो.

या प्राण्याचा अधिवास सलग पाहायचा तर एखादी आखूड नदी निवडावी. तिलारी तशी आहे. सह्याद्रीच्या अंगावर ती जन्मते, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात घाट उतरते, धरणात अडते, पुन्हा सुटते, गोव्यात शिरते आणि तिथे शापोरा हे नाव घेऊन अरबी समुद्राला मिळते. घाटातला ओहोळ, धरणाचा फुगवटा, सपाटीवरची कोंडे, वाळूची भाटे, कांदळवन, खाजण आणि खाडीचे तोंड, उदाला लागणारा प्रत्येक प्रकारचा काठ या एवढ्याशा नदीवर ओळीने मांडलेला आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस काढून आम्ही तो वरून खाली पाहिला. ऋतू मुद्दाम निवडलेला होता. पावसाळ्यात पूर काठावरच्या सगळ्या खुणा धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात ओहोळ आटतात. मधल्या थंडीत पाणी नितळ असते, वाळू उघडी पडलेली असते आणि उदांची पिल्ले बिळाबाहेर येऊ लागलेली असतात.

घाटातल्या ओहोळाला इथे व्हाळ म्हणतात. काळ्या कातळातून उतरणारे गुडघाभर पाणी, वर मिटलेली झाडी, दगडांच्या कपारीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे. आखूड नख्यांच्या उदाला नेमकी अशीच जागा लागते, कारण तो माशांपेक्षा खेकड्यांवर, शिंपल्या-गोगलगायींवर, बेडकांवर आणि पाणकिड्यांवर जगतो. इतर बहुतेक ऊद भक्ष्य तोंडाने पकडतात. हा हाताने शोधतो. त्याच्या पुढच्या पायांची बोटे लांब आणि मोकळी असतात, पडदा टोकापर्यंत पोचत नाही आणि नखे इतकी खुजी की बोटांच्या पुढे येतच नाहीत. दगडाखाली हात घालून, नजर दुसरीकडेच ठेवून तो चाचपत राहतो. अंधारात गोधडीखाली चष्मा शोधणाऱ्या माणसासारखे ते दिसते. बोटांच्या टोकांना स्पर्श फार तीव्र असतो आणि गढूळ पाण्यात किंवा चिखलात डोळ्यांचा उपयोग नसतो. कुर्ली हाती लागली की मागच्या रुंद दाढा कामाला येतात. कवच फोडण्यासाठीच त्या तशा झालेल्या आहेत.

हा ऊद कुटुंबकबिल्याने राहतो. नर-मादीची जोडी आयुष्यभर टिकते, पिल्ले दोघे मिळून वाढवतात आणि आधीच्या विणीतली थोरली भावंडेही हातभार लावतात. कळप 12-15 जणांपर्यंत वाढतो. एवढ्या जणांना दाट झाडीत आणि पाण्याच्या आवाजात एकत्र ठेवायचे, म्हणून त्यांची बोलीही भरघोस आहे. शिट्ट्या, चिवचिव, कुरकुर, किंकाळ्या असे बाराहून अधिक आवाज अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत.

व्हाळात ऊद दिसण्याची आशा कोणी धरू नये. दिसते ती विष्ठा. तिसऱ्या वळणावर प्रवाहाच्या मधोमध एक सपाट दगड होता, पाण्याच्या वर वीतभर. त्यावर राखाडी-तांबूस असा सुकलेला चुरा पडला होता. काडीने पसरला तेव्हा खेकड्याच्या पायांचे सांधे, नांगीची दातेरी कड आणि कवचाचे नारिंगी तुकडे मोकळे झाले. मधेच बेडकाचे दाभणासारखे एक हाड. नाकाजवळ नेल्यावर घाण येत नाही, सुक्या मासळीचा मंद वास येतो. शेजारी एक ओला, काळपट, चिकट ठिपका होता, आदल्या रात्रीचा. ऊद विष्ठा कुठेही टाकत नाही. दगड, ओंडका, दोन प्रवाहांचा संगम, वाळूचे टोक अशा ठळक जागा ठरलेल्या असतात आणि कुटुंबातले सगळे तिथेच येतात. मलविसर्जन हा त्यातला लहान भाग. तो मुख्यतः निरोप असतो. कोण आले, कोणत्या घरचे, मादी माजावर आहे का, हे पुढच्याला वासावरून कळते. गावच्या पारावरची पाटी म्हणा. पण नुसत्या विष्ठेवरून माणसाने जात ठरवू नये. गुळगुळीत केसांचा ऊदही खेकडे खातो. खात्री करायची तर प्रयोगशाळेत डीएनए तपासावा लागतो.

घाट संपतो तिथे धरण आहे. तिलारीचा प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त. त्याच्या कालव्यांतून पाणी दोन्ही राज्यांत जाते. भोवतालचे 29.53 चौरस किलोमीटर जंगल 2020 च्या जूनमध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले. गोव्याचे म्हादई आणि कर्नाटकाचे भीमगड ही अभयारण्ये जवळच असल्याने हत्ती-वाघांच्या येण्याजाण्याचा मार्ग म्हणून त्याची चर्चा होते, उदाचे नाव त्यात क्वचित निघते. धरणाचा जलाशय उदाला चांगला की वाईट याला सरळ उत्तर नाही. मासे भरपूर असतात आणि वर्दळ कमी. पण पाण्याची पातळी वर्षभर खाली-वर होत असल्याने कडेला झाडी धरत नाही. भर उन्हाळ्यात पाणी आणि जंगल यांच्यामध्ये उघड्या लाल मातीचा रुंद पट्टा पडतो. त्यावर ना बीळ करता येते ना लपता येते. पाणी पुष्कळ आणि काठ नाही, अशी ही जागा. उदाच्या खुणा आम्हाला जलाशयाच्या भिंतीकडे नव्हे, तर ओहोळ येऊन मिळतात त्या शेपटाकडच्या टोकांना मिळाल्या.

धरणाखालून गुळगुळीत केसांच्या उदाचा मुलूख सुरू होतो. त्याचे शरीर पाण्यासाठी कसे घडले आहे ते सावकाश सांगण्यासारखे आहे. नाकपुड्या, डोळे आणि कान डोक्याच्या वरच्या अंगाला जवळजवळ एका रेषेत असतात, त्यामुळे बाकी देह बुडवून तो हुंगू, पाहू आणि ऐकू शकतो. बुडी मारताच नाकपुड्या आणि कान मिटतात. बोटांमध्ये जाड पडदा. शेपूट बुंध्याशी जाड आणि टोकाकडे चपटी; वेगात पोहताना तिचा आणि पाठीच्या कण्याचा झोल एकच होतो. ओठांवरच्या राठ मिशा गढूळ पाण्यात माशाच्या हालचालीने उठलेली थरथर टिपतात. बुडी मात्र फार लांबत नाही, सहसा मिनिटभराच्या आत तो वर येतो. सील किंवा देवमासा यांच्याशी त्याची तुलना इथेच संपते, आणि आणखी एका बाबतीत: सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, उदाकडे तो नाही.

ही उणीव केस भरून काढतात. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने खेचते. उदाच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. आतला बारीक लोकरीसारखा आणि अतिशय दाट. तो हवेचे कण धरून ठेवतो. वरचा राठ, लांब आणि पाणी निथळवणारा. या जातीत तोही जेमतेम दीड सेंटिमीटरचा, म्हणून अंग तुकतुकीत दिसते. ऊद बुडतो तेव्हा कातडी ओली होतच नाही, त्याच्यामागे बुडबुड्यांची जी माळ उठते ती केसांतून पिळली गेलेली हवा असते. पण हे कवच सतत राखावे लागते. चिखलाने, तेलाने, मिठाने केस चिकटले की हवा राहत नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ऊद किनाऱ्यावर येऊन वाळूत लोळतो, गवतात अंग घासतो, एकमेकांची मान चाटतो. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो, आणि थोडा असतोही, पण मुळात ती घोंगडी झाडून वाळत घालण्याची रोजची खटपट आहे. ऊब टिकवायची तर इंधनही लागते; प्रौढ ऊद दिवसाला किलोभर मासे सहज संपवतो.

मणेरीच्या आसपास नदी सपाटीला लागते. कोंड म्हणजे डोह, मग खडकाळ वळण, मग वाळूचे भाट, मग पुन्हा कोंड, अशी तिची चाल. कोंडात मासे, भाटावर लोळायला वाळू, आणि काठावरच्या झाडांच्या उघड्या मुळ्यांखाली बीळ. हे बीळ ऊद बहुधा स्वतः पुरते खणत नाही. मुळ्यांतली पोकळी, खडकांतली कपार, एखाद्या दुसऱ्या प्राण्याने सोडलेले भगदाड तो ताब्यात घेतो आणि हवे तेवढे वाढवतो. भाटावर ठसे स्पष्ट होते. पाच बोटे पंख्यासारखी पसरलेली, तळव्याचा मोठा गोल, मऊ जागी बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघ, आणि मागे शेपूट ओढल्याची वाकडीतिकडी खूण. कुत्र्याच्या ठशात चारच बोटे उमटतात, म्हणून घोटाळा होत नाही. ठशांशेजारी टेबलाएवढी एक जागा चांगली मळलेली होती, वाळू भुसभुशीत आणि तिच्यात माशांचे खवले अभ्रकासारखे चकाकणारे.

या जातीत कुटुंबाचा कारभार मादीकडे असतो. गर्भ 60 ते 63 दिवसांचा, पिल्ले दोन ते पाच. कोकणात बहुतेक पिल्ले पाऊस ओसरल्यावर थंडीच्या सुमारास दिसतात, कारण तेव्हा पाणी उतरते आणि मासे कोंडांत दाटतात. जन्मतः पिल्लू आंधळे आणि लाचार असते. दहाएक दिवसांनी डोळे उघडतात आणि दोन महिन्यांनी ते पोहू लागते. पोहणे त्याला उपजत येत नाही, ही उदाविषयीची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. पिल्ले पाण्याला भितात. आई त्यांना मानगूट धरून ओढत नेते, पाण्यात सोडते, बुडू लागली की उचलते आणि पुन्हा सोडते. चार-पाच महिन्यांनी दूध तुटते, पण त्यानंतरही काही काळ ती घरच्यांबरोबरच असतात; वयात ती दोन-तीन वर्षांनी येतात.

“हूद रातचो येता, कुर्ल्यो खाता नि जाता,” असे पैलतीरावर गुरे पाजायला आलेल्या एका वयस्क गावकऱ्याने आम्हाला सांगितले. अनुभव म्हणून ते खरे असणार. पण गुळगुळीत केसांचा ऊद मूळचा निशाचर नाही. त्रास नसेल तिथे तो सकाळी आणि दुपार कलल्यावर उजेडात शिकार करतो, फक्त मधल्या उन्हाला झोपतो. सिंगापुरात तो भर शहरातल्या कालव्यांवर दिवसाढवळ्या पिल्ले घेऊन फिरतो. विसाव्या शतकात तिथून जवळजवळ नाहीसा झालेला हा प्राणी 1990 च्या दशकात नद्या स्वच्छ झाल्यावर परत आला आणि माणसाने पाठलाग न केल्यामुळे धीट झाला. ज्या नदीवर ऊद रातचा येतो, त्या नदीवर दिवस त्याच्याकडून काढून घेतलेला असतो, असे समजावे.

हा दिवस कसा काढून घेतला जातो हेही याच टप्प्यात दिसते. वाळू उपसली की लोळायची, ऊन खायची आणि विष्ठेने निरोप ठेवायची जागा जाते, आणि कोंड बुजून किंवा अवाजवी खोल होऊन माशांची वीण बिघडते. पूर अडवायला किंवा बागायत राखायला नदीला सिमेंटची उभी भिंत घातली की मुळ्या आणि कपारी संपतात. भिंतीवर ऊद चढू शकत नाही आणि तिच्यात बीळही करू शकत नाही. जिलेटिनचा बार उडवून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले की कोंड एका दुपारी रिकामे होते, आणि लहान पिल्ले असलेल्या मादीला ते महिनाभर उपाशी ठेवते. गावकुत्र्यांची टोळी पिल्लांना गाठते. यांतली कोणतीही गोष्ट उदाच्या विरुद्ध म्हणून केली जात नाही. काठ ही कोणाची जागा आहे हे लक्षातच येत नाही, एवढेच.

कोलवाळच्या अलीकडेच भरती-ओहोटी जाणवू लागते आणि नदीची खाडी होते. पाणी संथ, हिरवट. कडेला तिवर, चिपी आणि कांदळ. कांदळाच्या कमानदार मुळ्या भरतीला पाण्यात आणि ओहोटीला चिखलावर उभ्या असतात, आणि त्यांच्या आत लहान मासे, कोळंबी, कुर्ल्या आश्रयाला येतात. उदाला याहून चांगले कोठार नाही. इथे तो एकटा शिकार करत नाही. सहा-सात जणांचा कळप बाणाच्या टोकासारखी फाकलेली रांग धरून प्रवाहाविरुद्ध निघतो आणि बोय माशांचा थवा पुढे रेटत उथळ पाण्यात किंवा मुळ्यांच्या कुंपणात कोंबतो. मग सगळे एकदम बुडी मारतात. भरतीचे वेळापत्रक त्याला पाठ असते; पाणी ओसरताना मासे खाचरांतून मुख्य पात्राकडे परततात, तेव्हा त्या अरुंद वाटांवर ऊद उभा असतो.

त्या वाटांवर माणूसही उभा असतो. पागेर टाकणाऱ्याला आणि जाळे लावणाऱ्याला ऊद आवडत नाही, आणि त्याची तक्रार खोटी नाही. अडकलेल्या माशाचा मऊ भाग तेवढा ऊद ओढून खातो, उरलेला मासा विकता येत नाही, आणि वर जाळे फाटते. हे भांडण जुने आहे. बौद्ध जातककथांतल्या सशाच्या गोष्टीत सशाचे जे तीन मित्र आहेत त्यांतला एक ऊद. कोळ्याने गळाला लागलेले सात तांबडे मासे नदीकाठच्या वाळूत पुरून ठेवलेले असतात, ते हा वासावरून उकरतो, मालक कोणी आहे का असे तीनदा ओरडून विचारतो आणि उत्तर आले नाही म्हणून घरी नेतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा कथेकऱ्याने हा तपशील नुसता रचला असेल असे वाटत नाही, काठावर बसून पाहिला असावा. उलट बाजूही आहे. बांगलादेशात नराइल जिल्ह्यात आणि सुंदरबनाच्या कडेला काही कोळी कुटुंबे पाळीव उदांच्या मदतीने मासे धरत आली आहेत. बांबूला दोरीने बांधलेले ऊद होडीच्या कडेने सोडतात, ते मुळ्यांत दडलेले मासे हुसकून जाळ्याकडे वळवतात, आणि मजुरी म्हणून त्यांना वाटा मिळतो. मासे घटत गेले तशी ही रीत आता विरळ होत चालली आहे.

शापोऱ्याच्या काठाने उतरताना मध्येच वाट वाकडी करून आम्ही मांडवी नदीतल्या चोडण बेटावर गेलो. रायबंदरहून फेरीबोट आहे. बेटाच्या टोकाला कांदळवनाचे सलीम अली पक्षी अभयारण्य, 1.78 चौरस किलोमीटरचे, आणि बाकीच्या सखल भागात खाजणे. खाजण म्हणजे खाडीपासून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांची ‘मानस’ असते, सिंधुदुर्गाकडे तिच्यासारखीच ‘उघाडी’. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. पावसाळ्यात आत खाऱ्या मातीत तग धरणारे भात, नंतर मासे आणि कोळंबी. मानशीच्या तोंडाशी मासे पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जातो, यावरून त्या जागेची किंमत कळावी. उदाला ती लिलावाशिवाय कळलेली आहे.

सकाळचे सव्वासहा असतील. ओहोटी लागली होती आणि मानशीच्या दारातून पाणी खळखळ बाहेर पडत होते. आधी शिट्टी ऐकू आली, पक्ष्याची वाटावी अशी बारीक. मग पाण्यावर पाच डोकी. चार मोठी, एक लहान. ती दारासमोर आली आणि नाहीशी झाली. बुडबुड्यांच्या माळा तेवढ्या पुढे सरकत राहिल्या. पहिला वर आला त्याच्या तोंडात काळुंदर आडवे होते. तो बांधाच्या उतारावर चढला, मासा दोन्ही पंजांत उभा धरला आणि डोक्यापासून खायला सुरुवात केली. कवटी फुटल्याचा आवाज तीस पावलांवर स्पष्ट ऐकू आला, काकडी मोडावी तसा. खाताना त्याने डोळे मिटून घेतले होते. लहानगा काठाशी घुटमळत ओरडत होता. त्याला शेपटाकडचा तुकडा मिळाला. नंतर सगळे बांधावर आले, कोरड्या गवतात लोळले, ठरलेल्या एका दगडाशी एकामागून एक जाऊन शेपूट उंच करून उभे राहिले, आणि पलीकडच्या खाजणात उतरले. सगळा प्रकार पंधरा मिनिटांचा. बांधावरून सायकलने जाणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही, आणि त्यांनी त्याच्याकडे.

असा प्राणी मोजणे अवघड आहे. वाघ-बिबळ्यासाठी लावतात ते स्वयंचलित कॅमेरे अंगाच्या उबेवर चालतात; नुकता पाण्यातून आलेला ऊद बाहेरून गार असतो, त्याचे केस ऊब बाहेर जाऊच देत नाहीत, आणि कॅमेरा त्याला पुष्कळदा ओळखत नाही. वाघाला पट्टे असतात तशी वेगळी ओळखही त्याच्या अंगावर नाही. म्हणून अभ्यासकांना काठाकाठाने चालून विष्ठा, ठसे आणि लोळण्याच्या जागा नोंदवाव्या लागतात.

मोजता आले नाही म्हणून त्याचा व्यापार थांबला नाही. केसांचा जो गुण त्याला जिवंत ठेवतो त्याच गुणासाठी त्याची कातडी विकली जाते. 2003 च्या ऑक्टोबरात तिबेटमधल्या सांगसांग इथे एकाच वाहनात कातड्यांचा साठा सापडला. त्यात 31 वाघ आणि 581 बिबळे होते, बातमी त्यांची झाली. उदांची कातडी 778 होती. पुढे पाळीव प्राणी म्हणून आखूड नख्यांच्या उदाला मागणी वाढली; जपानमध्ये त्याला कुरवाळायला मिळावे म्हणून कॅफे निघाले आणि त्यांच्या चित्रफिती जगभर फिरल्या. त्या फितींत ऊद ज्या आवाजात ‘गातो’ तो अनेकदा कुटुंबाला हाक मारण्याचा असतो. 2019 मध्ये जिनिव्हाला भरलेल्या, वन्यजीव-व्यापारावरच्या साइट्स करारातल्या देशांच्या परिषदेत आखूड नख्यांचा आणि गुळगुळीत केसांचा अशा दोन्ही जाती पहिल्या परिशिष्टात गेल्या आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आणि पाळणे दोन्ही गुन्हे आहेत. नदीचा तुकडाच उदासाठी राखण्याचे उदाहरणही जवळ आहे: कर्नाटकाने 2015 मध्ये तुंगभद्रेचा सुमारे 34 किलोमीटरचा पट्टा ऊद संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला.

शिवोलीच्या पुलाखालून शापोरा रुंद होत जाते. उत्तरेला मोरजीची वाळू, दक्षिणेला जांभ्याच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला, आणि मधे खाडीचे तोंड. गुळगुळीत केसांचा ऊद खारे पाणी टाळत नाही, पण मीठ सुकून केसांत राहिले की आतल्या थरात हवा धरत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर समुद्रात शिकार करणारे युरेशियाई ऊद रोज गोड्या पाण्याच्या डबक्यात अंग धुतात, आणि त्यांची बिळे अशा डबक्यांजवळच असतात, असे तिथल्या अभ्यासात दिसले आहे. शेवटच्या दुपारी खाडीचा दक्षिण काठ चालताना टेकडीच्या पायथ्याशी जांभ्यातून झिरपणारा एक बारीक ओहोळ लागला. दगडाच्या खळग्यात घागरभर पाणी साचले होते, चवीला गोडे. खळग्याच्या काठावर खवल्यांनी भरलेली विष्ठा होती, दोन जुन्या आणि एक ताजी. तिथून समुद्रापर्यंत आम्ही आणखी दीडेक किलोमीटर गेलो. त्या वाळूवर पाच बोटांचा एकही ठसा नव्हता.